पाणी शांत ठेव

"पाणी शांत ठेव," म्हणत ताईने कागद धाकटीपुढे सरकवला. "दातांच्या दवाखान्यात लागणार आहे हे. तिथे माणूस आधीच गर्भगळीत होऊन बसलेला असतो."

शाईची रेघ ताईची, पाण्याचा रंग धाकटीचा, ही दोघी बहिणींची जन्माची वाटणी. एकीने दुसरीच्या कामात कधी हात घातला नव्हता. आज धाकटीने कागद जवळ ओढून पाहिला. नदीकाठची लव्हाळी सरळ उभी नव्हती. एकूण एक पात थरथरत वर गेली होती. शाई वाळलेली. आता खोडायची सोय नव्हती.

तिने वर पाहिलं. ताई चहाचा कप दोन्ही हातांनी घट्ट धरून खिडकीबाहेर बघत होती, काही झालंच नसल्यासारखी.

धाकटीने मुकाट्याने रंग भरला. सांगितल्याप्रमाणे पाणी सपाट ठेवलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई चित्र बघायला आल्या. ताईने हात शालीखाली घेतले. येणारा प्रत्येक जण चित्राचा अर्थ विचारायचा आणि ताईकडे अर्थांना तोटा नसायचा. एकच बगळा तिने एका वकिलाला चिकाटी म्हणून खपवला होता आणि नव्या जोडप्याला निष्ठा म्हणून. धाकटीला हसू आवरता आवरायचं नाही.

"वारा काय सुरेख दाखवलात हो!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी शांत चित्र मागितलं होतं, पण हे जास्त जिवंत वाटतंय. काय अर्थ याचा?"

ताईने शाल आणखी घट्ट ओढून घेतली.

"एक कळलं नाही," बाई कागदावर वाकल्या. "एवढा वारा सुटलाय, मग पाणी कसं हलत नाही?"

शालीखाली काहीतरी हललं. धाकटी चटकन पुढे झाली.

"पाणी माझ्याकडे असतं. अर्धवट राहिलंय अजून. उद्या न्या."

बाईंच्या चपला जिना उतरून गेल्या.

"मला वारा नव्हता काढायचा," ताई म्हणाली.

"माहितीये."

"कधीपासून?"

"मागच्या बगळ्याच्या पायाची रेघ थरथरली तेव्हापासून." धाकटीला रडूही आलं आणि रागही. "दिवसभर एका टेबलाशी बसतो आपण. मला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगून रेघ सरळ आली असती का गं?"

धाकटीने डोळे पुसले, ब्रश ओला केला आणि वाळलेल्या पाण्यावर गडद निळी लाट ओढली. मग दुसरी. मग काठाला लागून बारीक बारीक पुष्कळ. लव्हाळ्यांची थरथर आता खरोखरच वाऱ्याची वाटू लागली.

ताई खुर्ची ओढून शेजारी बसली.

"वारा जरा जोराचा दाखव," ती म्हणाली. "पुढच्या चित्रात वाढणार आहे तो."