एक दिवसही जास्त नको

भूषण सांवेर रोडच्या कारखान्यात इंजिनियर, त्यामुळे घरात कुणालाही अक्कल शिकवायचा परवानाच जणू त्याच्या खिशात. तीन आठवडे व्हेंटिलेटरवर असलेल्या वडिलांचं, अप्पासाहेबांचं, मशीन काढावं म्हणून तो सगळ्या खानदानाशी भांडला. त्यांनी धडधाकट असतानाच नोटरीसमोर लिहून ठेवलं होतं, की बरा होणार नसेन तर मशीनवर एक दिवसही जास्त ठेवू नका.

"अरे, कुणी कधी जायचं ते देव ठरवतो," प्रेमलताआत्या रडत म्हणाली.

"आत्या, कौनसे जमाने में हो? सुप्रीम कोर्टानं हक्क दिलाय. आता तरी सोडा हा अंधविश्वास!" भूषणनं सगळ्यांदेखत तिला झाडलं.

कायद्यानं लागणाऱ्या डॉक्टरांच्या दोन्ही समित्यांच्या सह्या झाल्या. आत्यानं भावाच्या ओठांना गंगाजलाचं बोट लावलं आणि ती बाजूला झाली. डॉक्टरांनी भूषणला विचारलं, "तो फिर, मशीन हटा दें?"



भूषणनं मोबाइलवरचं पंचांग पुन्हा एकदा पाहिलं आणि आत्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "पाच दिवस रुका ना, डॉक्टरसाब. सकाळीच पंचक लागलंय."