शेवटचा ढीग

थोरलीने ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आत चोथा गरम लागत होता.

"आंबायला लागलाय गं," ती धाकट्या जावेला म्हणाली.

कारखान्यात बेरीचा रस काढून झाला की उरलेल्या साली आणि बिया या दोघी जावा घरी आणायच्या, यंत्रात वाळवायच्या. सालींपासून खाण्याचा रंग व्हायचा, बियांपासून तेल. पण व्यापारी घ्यायचा तो कोरडा, गोड वासाचा माल. आणि यंत्र सकाळीच जळालं होतं. हंगामातला हा शेवटचा ढीग. थोरलीचा नवरा पोटासाठी लांब गेलेलाच होता. हा माल हातचा गेला तर धाकटीचाही जाणार होता.

"घरात पसरू," धाकटी म्हणाली.

दोघींनी चादरी अंथरल्या. स्वयंपाकघर, जिना, पलंग, पोरांची टेबलं. होते नव्हते ते पंखे लावले, शेगड्या पेटवल्या. घामाने निथळत चोथा उलटत राहिल्या. तरी बराच ढीग बाहेरच. उरली ती फक्त सासऱ्यांची खोली. पाय गेल्यापासून ते अंथरुणावरच होते. जन्मभर त्यांनी कारखान्यात रस काढला. "रस जगाने प्यायचा आणि माझ्या सुनांनी चोथा चिवडायचा," म्हणून या कामाला ते नाक मुरडायचे.

दोघी दारात घुटमळल्या.

"बघत काय राहिलात?" ते आतून ओरडले. "मला खुर्चीत बसवा, पलंग मोकळा करा. आणि एक परात द्या इकडे."

परात मांडीवर घेऊन ते बोटांनी चोथा परतत बसले.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. खोली-खोलीत वाकून त्याने वास घेतला. अंगणात येऊन हात झटकले.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. दारूसारखा वास मारतोय."

धाकटीचा नवरा माळ्यावरची बॅग काढायला गेला.

थोरली सासऱ्यांच्या खोलीत आली. त्यांचा हात अजून परातीत फिरत होता.

"घेतला ना त्याने?"

"घेतला, मामंजी."

"मग धू आता माझे हात."

तिने कोमट पाणी आणलं. साबण लावून लावून चोळलं. बोटं जांभळी ती जांभळीच. तिने मान वर केली नाही.

"बघ," म्हातारा कौतुकाने म्हणाला, "केवढा पक्का रंग आहे."