मैदानाकडं पाठ

"मामा, मॅच चारला हाय. आत्ताच कशाला मैदानात?" संयोजकानं विचारलं.

म्हातारा एसटीनं कोल्हापूरहून आला होता. दर रविवारी असाच खेड्यापाड्यातल्या मैदानांवर जायचा. त्यानं गोलपोस्टचा खांब धरून हलवला. खांब डुलला.

"पुरला न्हाई?"

"इथं बाजार भरतो. काढावा लागतोय. आजवर कुणाला काय झालं न्हाई."

"आमच्याकडं बी असंच म्हणायचे. पोरगा माझा गोलकीपर. मॅच जिंकल्यावर वरच्या दांडीला लोंबकळला. सगळा सांगाडा छातीवर आला."

संयोजक खाली बघत म्हणाला, "आता खड्डा काढाय येळ न्हाई."

"ठाऊक हाय." म्हातारा सांगाड्याच्या मागच्या, जमिनीला टेकलेल्या दांडीवर वजन टाकून, मैदानाकडं पाठ करून बसला.

"मग मॅच कशी दिसणार?"

"दिसत न्हाई. गोल झाला की दांडी थरथरती, तेवढं कळतं."