घासलेला सॅक्सोफोन

संध्याकाळी बेळगावात त्याचा जॅझचा कार्यक्रम होता, आणि दुपारी तिथल्याच अनगोळ भागातल्या घराच्या परसात बुद्धप्रिय जागच्या जागी थिजला. वडिलांकडून आलेल्या ज्या सॅक्सोफोनवर त्यानं परदेशात नाव काढलं, तो आईनं बादलीत बुडवून, घागरीसारखा चिंच लावून लख्ख घासला होता. चाव्यांखालच्या चामड्याच्या गाद्या भिजून फुगल्या होत्या. आता त्यातून सूर निघणं शक्य नव्हतं. “आये, ह्ये काय केलंस गं?” “लई काळा पडलता रं. तुज्या आप्पानं जल्मभर लोकांच्या वरातीत वाजिवला, तवा कोन बगत हुतं? आज समदी बगाय येनार.” बुद्धप्रियनं एकेक चावी दाबून पाहिली. मग तिनं पदराची गाठ सोडली आणि सॅक्सोफोनची तोंडात धरायची काळी नळी त्याच्या हातावर ठेवली. “हिला न्हाय घासलं. तुज्या आप्पाचं दात उमटल्यात हिच्यावर.” आजवर तो त्या खाचा आपल्याच दातांच्या समजत होता.