रिकाम्या घरातला दिवा

"माणूस नसताना जळणारा बल्ब आता कुणी बनवतच नाही, काकू," दुकानदार म्हणाला. "घरात माणसाचा श्वास जाणवला तरच हे एलईडी लागतात. रिकाम्या घरात उजेड करून करायचंय काय?"

"संध्याकाळी परत येते तेव्हा खिडकीत दिवा दिसायला हवाय," हेमलताबाई म्हणाल्या.

अख्खं कराड त्यांनी पालथं घातलं होतं. यजमान दिनकरराव होते तोवर ही अडचण कधी जाणवलीच नव्हती. ते घरात असत, म्हणून खिडकी उजळलेली असे. गेल्या श्रावणात ते गेले, आणि तेव्हापासून बाई रोज काळोख्या खिडकीकडे बघत जिना चढत होत्या.

"मांजराच्या श्वासानंही लागत नाहीत, नाहीतर तेच सुचवलं असतं," दुकानदार हळहळला.

घरी आल्यावर त्यांनी शेजारच्या नूतनला हाक मारली. "माझ्या घरात जरा बसशील? कोपऱ्यापर्यंत जाऊन येते."

"बसते की. पण लवकर या हं, कुकर लावायचाय."

कोपऱ्यावरून त्या मागे वळल्या. खिडकी पिवळ्या उजेडानं भरली होती, आत कुणी त्यांचीच वाट बघत असावं तशी. त्या झपाझप निघाल्या आणि फाटकाशी थबकल्या. आपण वर गेलो की नूतन तिच्या घरी जाणार.

"काकू, आलात का?" नूतननं खिडकीतून विचारलं.

"आले गं," त्या म्हणाल्या आणि फाटक धरून तिथंच उभ्या राहिल्या.