नाल्यापलीकडचं वऱ्हाड

वामनरावांनी हात आडवा केला, तशी पहिली बैलगाडी नाल्याच्या काठावर थांबली. मागच्या सहाही गाड्या थांबल्या. वाजंत्र्यांची सनई मध्येच बंद पडली.

"भोनखेडहून आलात ना?"

"हाव," नवरदेवाचे वडील पंजाबराव गाडीतूनच म्हणाले. "टाकरवाडीत लग्न हाये आमच्या हिंमतचं. बाजूले सरा जरा."

वामनराव सरले नाहीत. ते मोताळ्याचे प्लेग इन्स्पेक्टर होते. वय चोवीस, नागपूरहून बी.एस्सी. होऊन आलेले. सकाळीच त्यांना टपालाने एक कार्ड मिळालं होतं : भोनखेडात उंदीर पडत आहेत, गाव लपवत आहे, आणि तिथलं वऱ्हाड टाकरवाडीला येत आहे. खाली सही नव्हती.

उंदीर पडू लागले की काही दिवसांत माणसांना गाठी येतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून महिन्यापूर्वी मोताळ्याच्या बाजारात दवंडी पिटून त्यांनी आपली योजना समजावून सांगितली होती. उंदीर पडलेल्या गावचा माणूस दहा दिवस गावाबाहेर राहील, सकाळ-संध्याकाळ त्याचा ताप मोजला जाईल, आणि ताप नसला तरच तो गावात येईल.

"एक उंदीर नाई पडला," पंजाबराव म्हणाले. "आमच्या पाटलाले विचारा."

"विचारीन. पण सगळेच पाटील तसं लिहितात."

"आन् मुहूर्त? आज सांजचा हाये. तो टळला तं गाड्या वळवतो आम्ही. सोयरीक मोडली समजा."

अलीकडच्या काठावर नवरीचे वडील पुंजाजी उभे होते. त्यांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात नवरदेव गाडीतून उतरला. बाशिंग त्यानं काढून हातात घेतलं. "बाबा, कायदा सगळ्याईले सारखा. राहू दहा दिस. अकराव्या दिवशीबी मुहूर्त हाये."

"तुले कोणं सांगतलं बे?"

"विचारून ठेवलं होतं भटजीले."

पंजाबराव धुसफुसत गाडीतून खाली उतरले. वामनरावांना मात्र बरं वाटलं. मुलगा सातवी पास होता. शिक्षणाचा परिणाम, त्यांनी मनातल्या मनात नोंद केली.

वेचून झालेल्या कपाशीच्या रानात पऱ्हाट्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. रोजचं जेवण पुंजाजींच्या घरून यायचं. नाल्यातल्या सपाट दगडावर टोपली ठेवायची, माघारी फिरायचं, मग पलीकडच्यांनी ती उचलायची. हे काम पुंजाजींची विधवा बहीण झुंबरबाई हिच्याकडे आलं. लग्नघरात हळदी-कुंकवाला तिचा हात चालत नव्हता, त्यामुळे ती मोकळीच होती.

टोपली ठेवून झाली की ती बाभळीखाली बसायची आणि ताप मोजून परतणाऱ्या वामनरावांना अडवायची.

"भूक लागली का पह्यले कोण वरडते, साहेब?"

"पंजाबराव."

"आन् नवरदेव?"

"तो सगळ्यांना वाढतो. स्वतः शेवटी बसतो."

"घेते का?"

"वाजंत्री घेतात. तो नाही. पण आत्याबाई, याचा प्लेगशी काही संबंध नाही."

"वहीत जागा हाये ना रिकामी? लिहा मंग."

वामनरावांनी लिहिलं. निरीक्षण जितकं जास्त तितकं चांगलं.

लग्न लांबलं, तशी नवरी, मनकर्णा, पुन्हा ज्वारी राखायला मचाणावर जाऊ लागली. मचाणावरून नाल्यापलीकडचं सगळं रान दिसायचं. पाखरांनी यंदा अर्धं कणीस ठेवलं नाही, अशी पुंजाजींची तक्रार होती.

संध्याकाळी वाजंत्री वाजवायचे आणि अख्खी टाकरवाडी काठावर येऊन बसायची. पाचव्या दिवसापर्यंत दोन्ही व्याही नाल्याच्या दोन काठांवरून बैलांच्या गोष्टी ओरडून करू लागले.

आठव्या दिवशी पंजाबरावांचा ताप शंभर भरला. सनई वाजली नाही. अलीकडे पुंजाजी भिंतीला टेकून बसले. मांडवाचे खांब उपटायचे का, एवढंच त्यांनी विचारलं. हिंमतराव रात्रभर बापाच्या उशाशी होता. सकाळी वामनरावांनी काखा तपासल्या, जांघा तपासल्या. गाठ नव्हती, ताप उतरला होता.

"काल काय खाल्लंत?"

"रोडगे."

"किती?"

"नऊ," पंजाबराव खालच्या आवाजात म्हणाले.

अलीकडच्या काठावरून झुंबरबाईनं विचारलं, "बापाचं कोणं केलं रातभर?" उत्तर ऐकताच ती टोपली उचलून सरळ मचाणाकडे गेली.

अकराव्या दिवशी वऱ्हाडानं नाला ओलांडला. लग्न लागलं. पंगती बसल्या. वामनराव मात्र पंगतीत बसले नाहीत. मांडवाबाहेर झुंबरबाई एकटी बसली होती. ते तिच्यापाशी गेले.

"आत्याबाई, काल मी भोनखेडला जाऊन आलो. घर न् घर पाहिलं. उंदीर धडधाकट आहेत. कार्ड खोटं होतं. तुमची सोयरीक माझ्या हातून मोडता मोडता राहिली."

"कार्ड माहं होतं, साहेब."

वामनरावांनी खिशातून ते कार्ड काढलं.

"मलेबी अंतरपाटामांगं उभं केलं होतं. पाट सरला तवा नवरा दिसला. मंग बारा वर्सं मार खाल्ला. मनकर्णा म्हणे, आत्या, मले पह्यले माणूस पाहू दे. आता आमच्यात कोण पाहू देते? तवाच बाजारात तुमची दवंडी आयकली. म्हटलं, दहा दिस लय झाले."

"खोटी खबर देणं गुन्हा आहे. शिक्षा होते."

"द्या. पन आधी जेवून घ्या."

वामनराव खाली बसले. मग दहा दिवस ती आपल्यालाच 'लिहा' म्हणत होती, हे त्यांच्या ध्यानात आलं. "पण तुम्हाला तर लिहिता येत नाही."

"नाई येत."

"मग कार्ड लिहिलं कोणी?"

झुंबरबाईनं मांडवाकडे पाहिलं. "ज्याले पाहाचं होतं, त्यालेच बाजारात गाठलं. पोरीची अट सांगतली. वाटलं, हा बिघडीन आता. तं हिंमतराव म्हणे, 'आत्याबाई, कार्ड हाये माह्यापाशी. आमच्या गावाचं नाव तेवढं ठळक लिहितो.'"