आठ मिलिमीटर

"डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा, कुंदा. वरून-खालून पाहिलं की चुकतं. आणि दिसेल तेच लिहायचं."

पावसाळा लागल्यापासून रोज सकाळी साडेआठला कमलाकरचा हा आवाज कुंदाच्या कानाशी येई. कमलाकर पंचायत समितीत कारकून होता, आणि सतरा गावांच्या महसूल मंडळाचं पर्जन्यमापक त्याच्याच अंगणात, तारेच्या कुंपणात बसवलेलं होतं. चैत्रात तो गेला आणि माप बायकोकडे, कुंदाकडे आलं.

तिनं पदराची किल्ली सोडली, मापाच्या डब्याचं कुलूप काढलं, आतली बाटली काचेच्या नळीवर उपडी केली. थेंबही नाही. वहीत तिनं शून्य लिहिलं.

कुंपणापलीकडे सदाशिवराव उभेच होते. कमलाकरचे लहानपणचे मित्र. त्यांची बारा एकर कपाशीची पऱ्हाटी उभ्या उभ्या वाळत होती.

"किती, वयनी?"

"शून्य."

"वीस झाले." त्यांनी सुस्कारा टाकला. "उद्याचा एक दिवस कोरडा गेला की एकवीस. सतराही गावं नुकसानभरपाईच्या यादीत लागतात. पाती गळून राह्यली हो सारी. आता उद्या काही गडबड नको."

"गडबड मी कधी केली, भाऊजी?"

"मंग आषाढात कोनं केली? अठरा दिवस खडखडीत, अन् संकष्टीच्या सकाळी तुमच्या नळीत आठ मिलिमीटर! गावात कोनाची टोपी ओली नाही झाली. गनपती काय तुमच्याच आंगनात मुक्कामी होता?"

कुंदानं वही मिटली. त्या सकाळी ती नाल्यापलीकडच्या गणपतीहून परतली तेव्हा अंगण ओलं होतं. डब्याचं कुलूप जागच्या जागी, किल्ली पदराला. नळीत आठ दिसले, तिनं आठ लिहिले. तेवढ्या एका नोंदीनं कोरड्या दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पुढं आठ-नऊ दिवसांनी गावभर एक खरी सर पडून गेली, आणि तिथून पुन्हा खडखडीत. बायकांनी तिला भजनाला बोलावणं सोडलं. पण उपासाच्या दिवशी देवानं आपल्याच दारात एक सर पाठवली, असं तिला मनातून वाटलं होतं. ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

"समजा, उद्या पानी दिसलंच," सदाशिवराव आवाज उतरवून म्हणाले, "तं शून्य लिहाल काय? हात जोडून राह्यलो."

"दिसेल तेच लिहायचं, एवढं एकच ह्यांनी शेवटी माझ्याकडे मागितलं होतं. मी हो म्हटलंय."

"मंग ऐका. उद्या पुन्हा तसं निघालं, तं हे माप इथून हलवा म्हनून अर्ज देतो. लिहून ठेवला हाय. सतरा गावांचे अंगठे हायेत त्याच्यावर."

ते गेले. कुंदानं डब्याला पुन्हा कुलूप घातलं. नवऱ्याच्या हाताचं घरात उरलेलं हेच एक काम होतं.

ओट्यावर सासूबाई, तानाबाई, फुलवाती वळत बसल्या होत्या. त्यांना कानांनी कमी यायचं.

"काय म्हनते सदाशिव?"

"पावसाचं, आई!"

"हं." त्यांनी एक वात वळून तबकात ठेवली. "उद्या संकष्टी हाय नं?"

"हो."

"चौथी," तानाबाई बोटं मोजत म्हणाल्या.

घरात कुंदा सगळं मापातच करी. तांदूळ वाटीनं, जप माळेनं, पाऊस नळीनं. कमलाकरच्या किडन्या गेल्या आणि डॉक्टरांनी दिवसाला अर्धाच लिटर पाणी सांगितलं, तेव्हा तिनं तेही नळीनंच मोजून दिलं. शेवटच्या दुपारी त्याचे ओठ फाटले होते. "पाणी," म्हणाला. तिनं रिकामी नळी दाखवली. आजचं संपलं होतं. मग तो आईकडे वळला. तानाबाई बराच वेळ त्याच्या कानाशी तोंड नेऊन बसल्या होत्या. संकष्टी होती; चंद्रोदयाच्या आधीच तो गेला. कुंदानं त्या दिवशी उपास सोडलाच नाही.

माप पाळलं, आपलं काही चुकलं नाही, असं ती स्वतःला सांगे. कधी कधी दिवसातून दोनदा सांगावं लागे.

संध्याकाळी तिनं देवापुढे निरांजन लावलं. हात जोडले, पण शब्द लवकर फुटेनात.

"उद्या पाऊस नको, बाप्पा," ती शेवटी म्हणाली, आणि लगेच दोन्ही कानांना हात लावले. शेतकऱ्यांच्या गावात असं मागणं तिनं जन्मात कधी मागितलं नव्हतं.

सकाळी आभाळ घासल्या ताटासारखं होतं. तिनं मापाकडे नजर टाकली. कुलूप होतं. वरचं नरसाळं आभाळाकडे तोंड करून कोरडं चकचकत होतं. तिचा जीव हलका झाला. किल्ली पदराला बांधून तिनं एकवीस दूर्वा मोजून घेतल्या.

"आई, येते मी दर्शन करून. साडेआठच्या आत येते."

"जा. सावकाश ये," तानाबाई म्हणाल्या. "म्या सडा टाकून घेतो."

फाटकाची कडी वाजली. कुंदा नाल्याच्या वाटेला लागली.

तानाबाईंनी अंगणभर सडा टाकला. बादली कोपऱ्यात पालथी घातली, हात धुतले. मग माठातल्या गार पाण्यानं मोठं फुलपात्र काठोकाठ भरलं, त्यावर पदर धरला, आणि एकही थेंब सांडू न देता त्या तारेच्या कुंपणातल्या मापाकडे निघाल्या.

"आली रे कमू तुही चतुर्थी," त्या हळूच म्हणाल्या. "पे बाबू, पोटभर पे. सांगतलं होतं नं तुले, म्या मोजून नाही आननार."